मालकाला दाखवायचा रिपोर्ट

दादरला कापडाच्या एका दुकानावरच्या माळ्यावर आमचं ऑफिस आहे. आमचं म्हणजे भाऊंचं आणि माझं. भाऊ माझ्या नात्यातले नाहीत. माणूस मूळचा मालवणकडचा, वडील गिरणीत, स्वतः तरुणपणापासून घरांच्या व्यवहारात. मी लालबागची. एका वकिलाकडे खरेदीखतं टाइप करायचे, त्यातून मला या धंद्याची समज आली आणि भाऊंनी मला भागीदारीत घेतलं.

धंदा सांगायला सोपा आहे. घर लवकर विकायचंय असा मालक शोधायचा, इसार देऊन त्याच्याशी सौदा बांधायचा आणि मुदत संपायच्या आत तोच सौदा चढ्या भावाने एखाद्या गुंतवणूकदाराला द्यायचा. घर आमच्या नावावर कधी होतच नाही. मधला फरक तेवढा आमचा. त्यामुळे घराची खरी किंमत आपल्याला मालकाच्या आधी कळणं, यावरच सगळं चालतं.

ही किंमत भाऊ नुसत्या नजरेने काढायचे. घरात शिरले की आधी मोरीचा कोपरा बघायचे, पाणी किती वाजता येतं ते विचारायचे आणि जिना उतरताना मला आकडा सांगायचे. वर्षानुवर्षं तो आकडा फारसा चुकला नाही. मग परळच्या एका घराचा अंदाज साफ चुकला, गुंतवणूकदार मागे हटला आणि ही गोष्ट बाजारात पसरली. त्यानंतर जो तो रिपोर्ट मागायला लागला. भाऊ म्हणतात म्हणून, एवढं लोकांना पुरेना. किंमत काढणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं आणि निवडायचं काम माझ्याकडे आलं.

मी तीन कंपन्यांकडून महिन्याभराची ट्रायल मागवली. पारख कशी करायची, हा प्रश्न होता. शेवटी आमचेच पाच जुने सौदे घेतले, गिरगाव, परळ, माहीम आणि दादरमधले. ती घरं शेवटी कितीला गेली ते आम्हाला पक्कं ठाऊक होतं. ती घरं तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये घालून बघायची, असं ठरवलं.

पहिलं सॉफ्टवेअर एका दिवसात बाद झालं. त्याला फक्त पिनकोड कळत होता. परळचा टॉवर आणि त्याच्यासमोरची जुनी इमारत यांना त्याने एकच भाव लावला. भाऊंनी चष्मा काढून ठेवला आणि चहा सांगितला.

तिसरं सॉफ्टवेअर संथ होतं आणि दिसायला रुक्ष. ते नोंदणी झालेल्या व्यवहारांवरूनच किंमत काढायचं. गिरगावची पागडीची, म्हणजे जुन्या भाडेहक्काची खोली घातली तर त्याने आकडाच दिला नाही. पुरेशी माहिती नाही, एवढंच आलं. मला ते अडाणीपणाचं वाटलं. भाऊंना मात्र आवडलं. आपल्याला ठाऊक नाही हे कबूल करणारी माणसंसुद्धा या धंद्यात त्यांना फार भेटली नव्हती.

माझा जीव होता दुसऱ्यावर. झटपट, देखणं, मोबाइलवर चालणारं. पाचांपैकी चार घरांची किंमत त्याने जवळपास बरोबर सांगितली. शिवाय त्यात एकाच घराचे दोन रिपोर्ट निघायचे, एक गुंतवणूकदाराला द्यायचा आणि एक मालकाला दाखवायचा. मालकाच्या रिपोर्टमध्ये आजूबाजूची स्वस्तात गेलेली तीन घरं छापून यायची. मी जरा घुटमळले, तेव्हा कंपनीचा माणूस समजावणीच्या सुरात म्हणाला, "यात खोटं काहीच नाही, मॅडम. घरं खरीच असतात. कुठली दाखवायची, एवढंच आपण ठरवायचं."

ते मला पटलं. आज लिहिताना वाटतं, मला ते पटवून घ्यायचं होतं.

त्याच आठवड्यात प्रभादेवीच्या एका बाईंचा फोन आला. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. गुडघे जिना चढू देत नव्हते, म्हणून कणकवलीला बहिणीजवळ जाऊन राहायचा विचार होता. भाऊ घर बघून आले. मी ते दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये घातलं. तिसऱ्याने दिलेली किंमत आणि दुसऱ्याच्या मालकाच्या रिपोर्टमधली किंमत यांत इतका फरक होता, की तेवढ्या पैशांत गावाला एक टुमदार घर उभं राहिलं असतं. दोन गल्ल्या सोडून एका इमारतीचा पुनर्विकास ठरला होता आणि तिथले नवे भाव तिसऱ्याने धरले होते.

मी मालकाचा रिपोर्ट रंगीत छापून घेतला आणि एकटीच बाईंकडे गेले.

त्यांनी कोकम सरबत दिलं, चष्मा लावला आणि पेपर तपासावा तसा रिपोर्ट पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. मी खिडकीबाहेर बघत बसले. तिसऱ्या पानावर त्या थांबल्या. तिथे ती तीन घरं होती, पत्त्यांसकट.

या तिन्ही घरांत मी जाऊन आलेय, असं त्या म्हणाल्या. पहिलं घर तळमजल्याचं, दर पावसात आत पाणी शिरतं. तिथल्या मुलीला त्या शिकवायला जायच्या. दुसरं एका भावाने दुसऱ्या भावाला दिलेलं, त्याला बाजारभाव कोण लावणार? तिसऱ्याचं प्रकरण कित्येक वर्षं कोर्टात होतं. आवाज जराही न चढवता त्यांनी हे सगळं सांगितलं. मग कागद माझ्याकडे वळवला.

"हा हिशेब चुकलेला नाही," त्या म्हणाल्या. "हा मुद्दाम असा मांडलाय. तुम्हाला माहीत होतं का?"

मी हो म्हणाले. नाही म्हणणं सोपं होतं, पण शाळेत बाईंसमोर उभं राहिल्यासारखं झालं आणि खरं तेच तोंडातून निघालं. सरबत संपवा, एवढंच म्हणाल्या. ते संपवणं मला फार जड गेलं.

ऑफिसात येऊन मी भाऊंना सगळं सांगितलं. मला वाटलं, ते त्या कंपनीला शिव्या घालतील, नाहीतर मला बोल लावतील. त्यांनी टेबलावरचा रिपोर्ट उलटसुलट करून बघितला.

"खरं सांगू गो तुला," ते म्हणाले, "माझ्यापण डोक्यात दोनच आकडे असायचे. एक मालकासाठी, एक गिऱ्हाइकासाठी. छापलेले नव्हते, म्हणून कधी दिसले नाहीत."

इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःबद्दल असं काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. जिना उतरताना सांगितलेले ते सगळे आकडे मीही ऐकले होते आणि वर मालकाला काय सांगितलं होतं, तेही मला ठाऊक होतं.

आम्ही तिसरं सॉफ्टवेअर घेतलं. ठरवताना फार चर्चा झाली नाही. त्याचा रिपोर्ट घेऊन मी परत बाईंकडे गेले, आमचा फरक किती असेल तेही एका कागदावर लिहून दिलं. त्यांनी ते नीट वाचलं, आभार मानले आणि विचार करायला पंधरा दिवस मागितले. पंधरा दिवसांनी फोन आला, की त्या घर विकत नाहीत. किंमत कळल्यावर सोसायटीतल्या लोकांशी त्या बोलल्या होत्या आणि सगळ्यांनी मिळून आपल्याही इमारतीच्या पुनर्विकासाचं बघायचं ठरवलं होतं. तोवर घर भाड्याने देऊन त्या कणकवलीला जाणार होत्या.

सौदा गेला. भाऊ दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. पुढे त्या वर्षात आणखीही काही सौदे गेले. एकदा तर भाऊंनी स्वतःच विचारलं, ते दुसरं सॉफ्टवेअर आता कितीला मिळतं. मी सांगितलं नाही आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही. धंदा चालू आहे, पूर्वीपेक्षा लहान. ज्यांना खरंच घाई असते ते खरी किंमत कळल्यावरही आमच्याशी सौदा करतात. असे लोक असतात, हे मला आधी ठाऊक नव्हतं.

एक गोष्ट मात्र बराच काळ मनात होती. बाईंनी तो रिपोर्ट वाचलाच नसता तर? मी काही आपणहून थांबले नव्हते, मला थांबवलं गेलं होतं.

गेल्या महिन्यात लालबागला घर विकायला काढलेले एक गृहस्थ भेटले. गणपतीच्या मखरांचं काम करायचे, आता डोळ्यांना कमी दिसतं. मी रिपोर्ट पुढे केला, तर त्यांनी तो न बघताच परत दिला. तुम्हीच सांगा काय ते, म्हणाले, मी कुठे वाचणार. घरात आम्ही दोघंच होतो. त्यांनी मनात धरलेली किंमत मला आधीच कळली होती आणि ती फारच कमी होती.

मी किंचित थांबले. मग पहिल्या पानापासून त्यांना सगळा वाचून दाखवला.