मगरीची ओटी

माहे घरवाले, प्रेमलाल गुरुजी, रिटायर झाले आन् मगरीच्या मागं लागले. लोक पेन्शनीत तीर्थाले जातात. हे बालाघाटहून मोटारसायकल काढून रामपायलीकडं जात. मागं मी. काहून, तं बायका यायच्यासंग बोलत नाहीत. माह्या कंबरेचा पार भुगा झाला.

तिथल्या एका गावच्या डोहात एक जुनी मगर होती. गावानं जंगलवाल्याइले अर्जी देली का हे माणसं खाते, उचलून न्या. गुरुजी म्हणाले, "डोहातली मेलेली घाण तेच साफ करते. आधी कोणाले खाल्लं ते तं इचारू. चोर सोडून संन्याशाले फाशी कायले?"

मंग घरोघर जुन्या मौती इचारत फिरलो. कोणी दारू पिऊन पडलता, कोणी पुरात वाहून गेलता, आन् खापर सारं मगरीच्या डोक्यावर. नावं गळत गेली. उरली एक शीला, जिजाबाईची पोरगी.

त्या गावात रीत आहे. मगरीनं बाई नेली तं तिच्याबद्दल कोणी वाकडं बोलत नाही. दरसाल डोहावर तिच्या नावानं हिरव्या बांगड्याची ओटी ठेवतात. शीलाची पोरगी श्रुतिका ते ओटी पाहतच मोठी झाली, आता लग्नाले आली.

जिजाबाई आंगणात मोहफुलं निवडत होती. मीबी हात लावला. बोलता बोलता ते थांबली.

"मंजू, पाण्याले जाणारी बाई बांगड्या, मंगळसूत्र काढून गोट्यावर ठेवते का वं? मीच उचललं ते, कोणी पाहाच्या आधी. आन् बोंबलली, मगरीनं नेली म्हणून." मंग म्हणे, "पोरगी लहान होती. माय आपल्या पायानं गेली, हे कसं सांगू तिले?"

परत येताना गुरुजीले सांगितलं. वाटलं, खुश होतील, मगर सुटली. पण घरी ताटात भात तसाच ठेवून उठले.

मंग गावाची सभा भरली, तिथं जंगलवाल्या साहेबानं इचारलं, "मास्टरजी, मतलब इसने एक भी आदमी नहीं मारा?"

श्रुतिका समोरच बसली होती. बाजूले जिजाबाई, पदर तोंडात धरून. गुरुजी उभे राह्यले, दोघीइकडं पाह्यलं.

"मारला, साहेब," मंग म्हणाले. "एक. या पोरीची माय."

असा राग आला मले. उन्हातान्हात हाडं झिजवली ते याच्यासाठी? मंग जिजाबाईकडं पाह्यलं. ते पदराआड रडून राह्यली होती. रागबी थकून गेला माहा.

पिंजरा आला तवा सारा गाव डोहावर जमला. मगरीचं तोंड दोरीनं बांधलं होतं. "बरं झालं, गेली एकदाची," श्रुतिका म्हणाली. गुरुजी पाठ करून मोटारसायकलीपाशी उभे होते.

तेवढ्यात जिजाबाई गर्दीतून म्होरं आली. पिंजऱ्यासमोर तांदूळ, नारळ, हिरव्या बांगड्या ठेवल्या. लोकाइले वाटलं, पोरीच्या नावाची ओटी आहे. मी जवळ होती, म्हणून मले ऐकू आलं.

"माह्या शीलाचा बोल तू सोसला, माय," ते मगरीले म्हणे. "आता जा."