इराच्या नावाची पावलं

हे मी आजवर कुणाजवळही बोललेलं नाही. तुमचे आजोबा गेले, तेही मला पूर्ण ओळखतो असं समजूनच गेले. नील, इरा — इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण इंग्रजीत मी फार सफाईने लिहिते. जन्मभर तेच शिकवलं. इथे मला सफाई नको आहे.

तुमच्या भिंतीवर मातीची एक तबकडी आहे. नीलचे दोन हात, इराची दोन पावलं. तुमची आई येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवते. ती पावलं — थांबा, आधी कृती सांगते. कृती सांगणं मला नेहमीच सोपं जातं.

२०१५च्या डिसेंबरात तुम्ही डहाणूला आलात, तेव्हा इरा आठ महिन्यांची होती. मऊ मातीच्या लादीत हात-पाय दाबायचे, त्या ठशात प्लास्टर ओतायचं, की प्लास्टरचे हात-पाय मिळतात. त्यांना साबणाचं पाणी लावायचं आणि वर पुन्हा प्लास्टर ओतायचं — हा साचा. मग साच्यात माती दाबायची आणि भाजायची.

तुम्ही परत गेल्यावर मी साचे करायला बसले. नीलचे हात छान सुटले. इराच्या पावलांना साबण लावायचाच राहिला. मी विसरले — जिच्या मसाल्याच्या डब्यांवरही चिठ्ठ्या असतात, ती मी! प्लास्टरला प्लास्टर चिकटलं. सुरीने सोडवायला गेले तर पावलांचे तुकडे झाले. ठशाची लादी तर मी आधीच मोडून भिजत घातली होती, म्हणजे मूळ ठसाही उरला नव्हता.

फोन करून सांगता आलं नसतं? आलं असतं. एक वाक्य होतं. पण ‘आईंच्या हातून काही चुकत नाही’ असं तुमची आई चारचौघांत म्हणायची, आणि ते ऐकायला मला फार आवडायचं.

आपल्या चिकूच्या वाडीत संगीता कामाला होती, तलासरीकडच्या एका पाड्यावरची. तिची रोशनी इराच्याच वयाची. सरावासाठी ठसा हवाय, असं मी तिला सांगितलं. तिने मुलीला मांडीवर धरलं. माती गार लागली तशी रोशनीने पाय आखडले.

“नीट करा हां बाय,” संगीता हसत म्हणाली, “नायतर माझी पोर लंगडी दिसायची.”

त्या साच्यात मी नाव कोरलं — इरा.

तबकडी पोचल्यावर तुमची आई फोनवर म्हणाली, “करंगळी अगदी तुमच्यावर गेलीय, आई.” मी म्हटलं, “आमच्याकडे सगळ्यांची तशीच.”

इथेच संपलं असतं, तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. दोन पावसाळ्यांनंतर रोशनी तापाने गेली. चार दिवसांत. पंधरवड्याने संगीता कामावर आली आणि आधी माझ्या ओट्यावर येऊन बसली. नवऱ्याचा फोन बिघडला तेव्हा त्यातले फोटो गेले होते. मुलीचं काहीच उरलं नव्हतं.

“बाय, तुम्ही तिचे पाय केलेले ना? हायत का?”

साचा कपाटात होता. चार पावलांवर. नाव लिंपून टाकून नवी माती दाबायला किती वेळ लागला असता — अर्धा तास? पण दिवाळीत तुम्ही येणार होतात. तुमच्या आईच्या फोनमध्ये तबकडीचा फोटो होता. तो पाहून, हातातल्या पावलांशी ताडून, संगीताने आपल्या मुलीची करंगळी ओळखली असती, आणि मग...

“फुटले गं,” मी म्हणाले.

ती रडली नाही. “मातीच ती,” म्हणाली. मग ओट्यावर दोन बोटं टेकवून तिने अंतर धरलं. “एवढेसे व्हते, नाय?” तिला नक्की आठवत नव्हतं. ती मला विचारत होती.

“हो,” मी म्हटलं, “एवढेच.”

ती चिकू उतरवायला गेली. मी दार लावून घेतलं, साचा हातोडीने फोडला आणि तुकडे चिकूखालच्या खड्ड्यात पुरले. २०१९मध्ये तिने काम सोडलं. तोपर्यंत ती रोज मला चहा करून द्यायची, आणि मी प्यायचे.

इरा, ती पावलं तुझी नाहीत. ती रोशनीची आहेत. भट्टीत माती आकसते, म्हणून संगीताने बोटांनी दाखवलं त्याहून ती थोडी लहान आहेत.