आधी कोण उतरणार

"शेख, हॉटेल आलं," मी म्हणालो.

मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्याने काचेतून पोर्चकडे पाहिलं. "तो आलाय?"

"नाही अजून."

"मग पुढे चल."

मी गाडी पुढे घेतली. हॉटेलला घातलेली ही तिसरी चक्कर.

मी सादिक, चौथी पास. आधी कोल्हापुरात ट्रक चालवला, मग मस्कतमध्ये शेठची गाडी. मुलाने इकडे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला बोलावलं आणि म्हणाला, बाबा, आता आराम करा. मी आराम केला नाही. पुण्याच्या समीरची इथे लिमो कंपनी आहे, म्हणजे काळ्या गाड्या आणि कोट घातलेले ड्रायव्हर. माझं तुटकंफुटकं अरबी ऐकून त्याने मला ही ड्युटी दिली.

ड्युटी अशी. वॉशिंग्टनजवळच्या एका हॉटेलात दोन देशांची बोलणी होती. एक शेखचा अरब देश, दुसरा समुद्रापलीकडचा त्याचा शेजारी. नावं सांगणार नाही, आमच्या धंद्यात पॅसेंजरचं नाव बाहेर काढत नाहीत. समुद्रातल्या हद्दीवरून त्यांचं भांडण. दोघांनीही एकमेकांचे मासेमार धरून तुरुंगात टाकले होते. शेखच्या भावाचा मुलगा त्यांतलाच. बोलणी पोरांना सोडवण्यासाठीच होती. हॉल दुपारपर्यंतच मिळाला होता आणि संध्याकाळी दोघांची विमानं.

दोन गाड्यांनी एकाच वेळी दोन दारांनी आत यायचं ठरलं होतं. पण पाण्याची लाइन फुटली म्हणून सकाळीच एक दार बंद झालं. उरला एक पोर्च. आता जो आधी पोचेल त्याने दारात उभं राहून दुसऱ्याची वाट बघायची, म्हणजे गरज त्याची. शेख ते करणार नव्हता. मला त्याचं पटत होतं. मीही केलं नसतं.

समीरचा फोन आला. "काका, ड्रॉप का नाही दाखवत?"

ड्रॉप म्हणजे पॅसेंजर ठरल्या जागी उतरवणं. तो उतरला की आम्ही फोनवर बटण दाबतो.

"उतरत नाही तो."

"नाही म्हणजे? काका, प्लीज, त्यांचे लोक मला सारखे कॉल करतायत. तुम्ही फक्त ड्रॉप करा आणि निघा."

"उचलून ठेवू का?"

"दुसरी गाडी पण येत नाहीये यार. इक्बालला जरा फोन करा ना."

इक्बाल कराचीचा, दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर. त्याने समीरला सांगितलं होतं की चाचांना अंधारात दिसत नाही. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नव्हतो. "तूच कर," म्हणालो आणि फोन ठेवला.

वळणावर इक्बालची गाडी दिसली. तीही हॉटेलच्या दारावरून तशीच पुढे गेली. मग माझ्या लक्षात आलं. तिकडचा म्हाताराही चकरा मारायला लावत होता.

आरशात शेखची बोटं जपमाळेवर भराभर फिरत होती. एकाएकी थांबली.

"सादिक, एअरपोर्टला चल."

एअरपोर्टचा रस्ता पुढच्या सिग्नलला डावीकडे होता. मी डावी लेन घेतली नाही.

"शेख, पोरगा केवढा आहे?"

त्याने जपमाळ मुठीत घेतली. मग म्हणाला, "दाढी आता फुटत असेल. तुरुंगातच."

"आमच्याकडे लग्नात असंच होतं," मी म्हणालो. "दोन व्याही, दोघांनाही मान हवा. म्हणून दारात कुणी कुणाची वाट बघत नाही. गावाच्या वेशीवर भेटतात, गळाभेट घेतात आणि मग बरोबर मांडवात जातात."

"मुलीकडचा कोण?"

"दोघेही मुलाकडचेच समजा."

तो हसला नाही. पण एअरपोर्टचंही परत बोलला नाही.

सिग्नल लाल झाला. शेजारच्या लेनमध्ये इक्बालची गाडी येऊन थांबली. मागे बसलेले दोघे म्हातारे नाकासमोर बघत होते. इक्बालने काच खाली केली.

"चाचा, आपका भी नहीं उतर रहा?"

आधी तो बोलला, हे इथे नोंदवून ठेवतो.

"आगे टायरवाले के यहाँ लगा," मी म्हणालो. "वहीं मिला देते हैं."

त्याने मागे वळून काहीतरी विचारलं. हिरवा लागला, मागून हॉर्न वाजायला लागले. तेव्हा कुठे मागच्या माणसाने मान हलवली.

हॉटेलच्या अलीकडेच एक टायरचं दुकान आहे. तिथल्या पार्किंगमध्ये आम्ही गाड्या समोरासमोर लावल्या. पुन्हा तोच घोळ. कुणीच उतरेना. दुकानाचा मालक बाहेर आला, कोणता टायर गेला म्हणून विचारायला लागला. त्याला मी हाताने थांबवलं.

पण आमच्या गाडीत पॅसेंजर स्वतः दार उघडत नाही. ते ड्रायव्हरचं काम. मी उतरून मागच्या दाराशी गेलो, इक्बाल त्याच्या दाराशी. हात हँडलवर ठेवून टपावरून आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्याने मान हलवली आणि दोन्ही दारं एकदम उघडली.

आता बसून राहणं दोघांनाही बरं दिसलं नसतं. दोघे उतरले. जुन्या टायरांच्या ढिगाजवळ समोरासमोर उभे राहिले. पलीकडचा म्हातारा काठी टेकत होता. त्याने अरबीतच विचारलं, "तुझा कोण आहे आत?"

"भावाचा मुलगा. तुझा?"

"जावई."

पुढचं मला ऐकू आलं नाही, कारण ते चालायला लागले होते. हॉटेल समोरच होतं. शेखची चाल जलद, पण त्याने ती काठीच्या मापाने कमी केली. पोर्चमधून सिक्युरिटीवाले धावत आले. दोघे दारातून बरोबरच आत गेले, खांद्याला खांदा घासून, कारण दार तसं अरुंद होतं.

"काका, व्हीआयपींना चालत पाठवलंत?" समीर फोनवर ओरडत होता.

"ड्रॉप झाला, बटण दाबलंय," मी म्हणालो.

बोलणी दुपारच्या पुढे गेली. हॉटेलवाल्यांनी हॉल रिकामा करा म्हटलं नाही. काही आठवड्यांनी मासेमार सुटले, दोन्हीकडचे. समीरने फोटो दाखवला, पोरं बोटीतून उतरत होती. शेखचा पुतण्या त्यांत कोणता ते मला कळलं नाही. दाढ्या सगळ्यांनाच होत्या. समुद्रातली हद्द अजून ठरलेली नाही.

ठरल्या जागी ड्रॉप केला नाही म्हणून कंपनीला तक्रार आली. तसल्या ड्युट्या मला परत मिळाल्या नाहीत. या धंद्यात नवीन येणाऱ्याला एवढंच सांगतो. मोठी माणसं अडून बसली की त्यांची समजूत काढत बसू नका. दार उघडा आणि धरून उभे राहा. उघड्या दारात फार वेळ बसून राहणं कुणालाच जमत नाही.