मी मागितलेला वाटा

मुलीला पहिल्यांदा पिंजऱ्यात लढताना पाहिलं, तेव्हा मला रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. पिंजरा म्हणजे खरोखरच जाळीचा, आठ कोनी, वरून उघडा. आत दोन मुली आणि एक पंच. बुक्की, लाथ, कुस्ती, सगळं चालतं. आमची लेक शाळेत ज्यूदो खेळायची, पुढे वुशू, तो चिनी लढतीचा खेळ. मग एके दिवशी जेवताना म्हणाली, "बाबा, मी प्रो झाले." मला वाटलं, चला, पगार सुरू झाला.

मी मूळचा सांगलीकडचा. नोकरीसाठी भोपाळला आलो आणि सगळी उमर इथल्या एका सरकारी कारखान्यात लेथवर काढली. त्यातली निम्मी वर्षं युनियनचं काम केलं. बोनस, ओव्हरटाइम, बोट तुटलं तर भरपाई, हे सगळं मी मॅनेजमेंटच्या समोर बसून भांडून घेतलेलं आहे. त्यामुळे मुलीच्या मिळकतीची गोष्ट निघाली तेव्हा मी सवयीने विचारलं, "कसं ठरतं तुमचं?"

"लढायचे ठरलेले पैसे. जिंकलं तर तेवढेच अजून."

"आणि हरलं तर?"

"तर अर्ध्यावरच घरी."

"अगं, मार तर दोघी खाता!"

ती हसली. "बाबा, आमच्याकडे अशीच सिस्टिम आहे."

कोचची फी, डाएट, फाइटच्या आधी करायच्या रक्ताच्या तपासण्या, हे सगळं त्याच पैशातून जायचं. तिकिटं किती खपली, मोबाइलवर पाहणाऱ्यांकडून किती आले, ग्लव्ह्जवर नाव छापणाऱ्या कंपनीने काय दिलं, यातलं लढणाऱ्यांना कुणी काही सांगत नसे. विचारायची पद्धतही नव्हती.

त्याच सुमाराला माझ्या खात्यातल्या एका जुन्या मित्राचा मुलगा क्रिकेटच्या मोठ्या लीगमध्ये निवडला गेला. अख्खा सीझन तो बाहेर बसून होता, एकदाही मैदानात उतरला नाही. तरी बोलीचे पैसे त्याला पूर्ण मिळाले. मित्राने शाहपुऱ्यात तलावाच्या बाजूला फ्लॅट घेतला आणि आम्हाला वास्तुशांतीला बोलावलं. मी त्या मुलावर जळलो नाही. मेहनती पोरगा होता. पण बाल्कनीत उभा राहून पाण्याकडे बघताना माझ्या मनात एकच येत राहिलं, की याच्या अंगावर एक ओरखडा नाही, आणि माझी पोरगी गेला आठवडाभर कुशीवर वळू शकत नाहीये.

पुढच्या फाइटमध्ये तिच्या डाव्या डोळ्याखालचं हाड मोडलं. हॉल भरलेला होता, लोक शिट्ट्या मारत होते. समोरची मुलगी इटारसीकडची, उंच, लांब हातांची. दुसऱ्या राउंडला तिचा उजवा हात बसला आणि आमची पोर एका बाजूला कलली. पंचांनी फाइट थांबवली. टाक्यांचा खर्च आयोजकांनी केला. हाडाच्या ऑपरेशनचा मात्र त्यांच्या कागदात बसत नव्हतं, असं त्यांनी फार अदबीने सांगितलं. मी माझी एफडी मोडली. हिने, म्हणजे माझ्या बायकोने, एवढंच म्हटलं, "अहो, डोळा वाचला, पुरे."

ऑपरेशननंतर दहा-बारा दिवसांनी ती इटारसीची मुलगी घरी आली, आईला घेऊन, पपई आणि डाळिंबं घेऊन. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. आमच्या पोरीच्या कपाळावर बसलेल्या एका बुक्कीने तिच्याच पंज्याची दोन हाडं गेली होती. दोघी पलंगावर शेजारी बसून हसत होत्या. मी विचारलं, "बेटा, जीत के पैसे?"

तिने प्लास्टर थोडं वर उचललं. "इसमें गए, अंकल."

त्या दिवसापासून मी वाचायला लागलो. परदेशातल्या बास्केटबॉलच्या, फुटबॉलच्या मोठ्या लीगमध्ये एकूण कमाईचा जवळजवळ निम्मा भाग खेळाडूंचा असतो, आणि तो करारात लिहिलेला असतो. कारण तिथे खेळाडूंची युनियन आहे. आणि लढणाऱ्यांच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीत हा भाग पाचवा हिस्सासुद्धा भरत नाही. हे वाचताना मला राग आला, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. रिटायर झाल्यापासून कुणी माझा सल्ला मागितला नव्हता. इथे मला कळणारं काहीतरी होतं.

मी एक अर्ज तयार केला. सभ्य भाषेत, दोनच मागण्या. दुखापतीचा पूर्ण उपचार, आणि तिकिटांच्या उत्पन्नात लढणाऱ्यांचा ठरलेला वाटा. गोविंदपुऱ्यात एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर मुलीची जिम होती. तिथे जाऊन मी मुलामुलींशी बोललो. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, मन लावून ऐकलं. पाच जणांनी सह्या केल्या. त्या दिवशी तिथे आलेल्या इटारसीच्या मुलीने केली नाही. "अंकल, मेरा घर इसी से चलता है," म्हणाली आणि माझ्या पाया पडली.

मुलीने अर्ज दोनदा वाचला. "बाबा, आत्ता नको. डोळा बरा होऊ दे, एक फाइट करू दे, मग बघू."

"मग कधीच होत नसतं. मी बघितलंय."

"तुमच्या कारखान्यातली गोष्ट वेगळी होती."

"मजूर सगळीकडे मजूरच असतो."

तिने अर्ज समोर ओढला. मग पेन घेतलं. "तुम्ही सांगताय म्हणून करते," म्हणाली आणि सगळ्यात वर सही केली. मला अभिमान वाटला. त्या क्षणी मी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहायला हवं होतं.

आयोजकांचं ऑफिस महाराणा प्रताप नगरात, एका कोचिंग क्लासच्या वर होतं. मालक तिशीतला, स्वतः कधीकाळी लढलेला. त्याने मला खुर्चीवर बसवलं, चहा मागवला, अर्ज पूर्ण वाचला. "अंकल, आप गलत नहीं कह रहे," तो म्हणाला. "लेकिन हर शो मैं किसी तरह निकालता हूँ. सोचता हूँ." मला दारापर्यंत पोहोचवायला आला. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, माणूस चांगला आहे, काम होणार.

आठवड्याभरात पाचही जणांनी सह्या मागे घेतल्या. एकाने फोन करून माफी मागितली, बाकीच्यांनी तेही केलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. कारखान्यात आम्ही काम बंद करायचो तेव्हा अख्खं खातं बंद पडायचं. शेजारच्या मशीनवरचा माणूस माझ्या बाजूने उभा असायचा. इथे एकाने नाही म्हटलं की त्याच्या जागेवर लढायला दुसरा हजर. आणि ज्याच्या खांद्याला खांदा लावायचा, त्यालाच पुढच्या महिन्यात खाली पाडायचं. हे मला कुणी सांगायला नको होतं, स्वतःच कळायला हवं होतं. अर्जावर शेवटी एकच नाव उरलं.

तिला कुणी काढून टाकलं नाही. फक्त बोलावलं नाही. पुढच्या शोला नाही, त्याच्या पुढच्या शोलाही नाही. डोळा बरा झाला, डॉक्टरांनी परवानगी दिली, ती पुन्हा पहाटे पळायला लागली. फोन केला की समोरून उत्तर यायचं, "देखते हैं, इस बार मैच नहीं बैठ रहा." तिने सुरुवातीला केलेल्या करारात लिहिलेलं होतं की मुदत संपेपर्यंत दुसरीकडे लढता येणार नाही. ते कलम माझ्या डोळ्यांखालून गेलं होतं. मी ते साधी अट समजून पुढे गेलो होतो.

अशी दोन वर्षं गेली. ती वजन सांभाळत होती, न झालेल्या फाइटसाठी. ताटात अर्धी पोळी ठेवून उठायची. हिचं आणि माझं बोलणं कमी झालं. एकदा भाजी निवडता निवडता ही म्हणाली, "तुम्हाला जिंकायचं होतं. तिला नुसतं लढायचं होतं." 

करार संपला त्या महिन्यात मी मुलीला म्हटलं, "आता दिल्लीला, मुंबईला, कुठेही जा. मी पैसे बघतो."

"नको बाबा. एकोणतीसची झाले. पायात ती चपळाई नाही राहिली." मग तिने शाहपुऱ्यातल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून नोकरी धरली. दर महिन्याला ठरलेला पगार, पीएफ, रजा. मी आयुष्यभर लोकांसाठी जे मागितलं, ते सगळं तिला मिळालं.

गेल्या हिवाळ्यात तिला शाळेतून आणायला गेलो होतो. गेटपासून तलावाच्या कडेने पायी येताना मी अखेर बोललो. "माझं चुकलं, बेटा."

"मागणं चुकीचं नव्हतं," ती म्हणाली. थोडं चालून पुन्हा म्हणाली, "पण मी थांबा म्हटलं होतं ना. ते तुम्ही ऐकलंच नाही." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मग तिने मला विचारलं, थंडी वाजतेय का, आणि आपला मफलर काढून दिला.

इटारसीची मुलगी अजून दोन वेळा लढली, दोन्ही वेळा हरली, आणि हाताने साथ सोडल्यावर तिनेही लढणं थांबवलं. आमच्या पोरीशी तिचं फोनवर बोलणं असतं. शो मात्र चालू आहेत, आता हॉलही मोठा घेतात.

परवा रविवारी दुपारी चहा घेऊन मुलीच्या खोलीत गेलो. ती माझ्याकडे पाठ करून बसली होती, मोबाइलवर कुठलीशी फाइट लावलेली, आवाज बंद. पडद्यावर बुक्की यायच्या आधीच तिचा खांदा हलत होता, मान बाजूला सरकत होती, हनुवटी खाली जात होती. मी कप टेबलावर ठेवला आणि दार लोटून बाहेर आलो.