सापसुरळीच्या बरणीतली चिठ्ठी

ये गं, जरा जवळ सरक. समोर नाहीस हे ठाऊक आहे मला, सवयीने म्हणते. तीनदा फोन केला, तिन्ही वेळा ‘आजी, नंतर करते ना’ म्हणालीस. तुझं ते नंतर काही उगवत नाही. म्हणून लिहायला बसले, आणि रागावूनच बसले आहे.

तुझ्याशिवाय आणखी कोणी हे वाचलं, तर त्यांना सांगते. ही माझ्या बहिणीची नात, चारकोपला राहते, सापसुरळ्यांवर शिकते. सापसुरळी म्हणजे ती गुळगुळीत, पालीची चुलत बहीण, बागेत पायाजवळून सुळकन जाते ती. लांबच्या एका बेटावर तिची एक जात होती, दुसरीकडे कुठेच नाही. जहाजांतून तिथे मांजरं उतरली. आता लोक शोधून दमले, एकही दिसत नाही. संपली की लपून आहे, कोणी सांगू शकत नाही. आणि त्या जातीची एक सापसुरळी मुलुंडच्या आमच्या कॉलेजात, स्पिरिटच्या बरणीत. तिथे मी निवृत्त होईपर्यंत लॅब अटेंडंट होते.

माझी शाळा चौथीच्या आधीच सुटली. इंग्रजी अक्षरं मी बरण्यांवर शिकले, आधी चित्रासारखी काढून, मग वाचून. प्रत्येक बरणीत एक चिठ्ठी असायची, पेन्सिलीने लिहिलेली. आमचे सर म्हणायचे, ‘मावशी, पेन्सिलच वापरायची हं.’ का, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला वाटलं, हिला पेन झेपणार नाही असं त्यांच्या मनात असेल.

सर निवृत्त झाले आणि त्याच वर्षी तपासणीला माणसं येणार होती. पेन्सिलीच्या चिठ्ठ्या मला मळकट दिसायला लागल्या. एका कपाटातल्या सगळ्या काढल्या, निळ्या बॉलपेनने नव्या लिहिल्या, जुन्या फेकून दिल्या. तपासणीतले एक गृहस्थ म्हणाले, ‘अक्षर कोणाचं? सुंदर आहे.’ आठवडाभर मी हवेत.

मे महिन्याच्या सुट्टीनंतर कपाट उघडलं तर चिठ्ठ्या कोऱ्या आणि स्पिरिट निळसर. शाई त्यात विरघळून गेलेली. वाट लागली म्हणतात ती अशी. कोणाला बोलले नाही. स्पिरिट बदललं आणि पेन्सिलीने परत लिहायला बसले. बेडूक, विंचू, खेकडे सगळं आठवत होतं. अडले ती तीन सापसुरळ्यांपाशी. दोन इथल्याच डोंगरातल्या, एक बेटावरची, आणि स्पिरिटात राहून तिन्ही सारख्या पांढुरक्या. सगळ्यांत लांब होती तिच्या बरणीत मी बेटाची चिठ्ठी टाकली. परदेशातली, म्हणजे थोराड असणार. एवढीच माझी अक्कल.

आता गेल्या महिन्यात तू आमच्या त्याच कॉलेजातून फोन केलास. ‘आजी, सापडली. तुझ्याच अक्षरात चिठ्ठी आहे, झकास.’

‘अगं, ती चिठ्ठी मी अंदाजाने लिहिलेली.’

‘तू आणि अंदाजाने? मिठाची चिमूटसुद्धा मोजून घालतेस तू.’ हसलीस आणि पुढचंच सांगत सुटलीस. जुन्या पुस्तकात तिचं वर्णन जेमतेम चार ओळींचं, म्हणून या बरणीतलीचीच मापं घेऊन तू बेटावर शोधणाऱ्यांना पाठवणार. फोन बंद. त्यानंतरचे तीन फोन तुला माहीत आहेतच.

माझी चिडचिड होते ती ह्याची. आयुष्यभर चोख बाई म्हणून नाव कमावलं, तेच आता आडवं येतंय. थापाडी असते तर लगेच ऐकलं असतंस. तिकडे माणसं उन्हात दगड उलटत बसतील, हातात कदाचित आपल्याच डोंगरातल्या सापसुरळीची मापं. एखादी खरी समोरून गेली तर ही ती नव्हेच म्हणून सोडून देतील. इतकी वर्षं मी तोंड मिटून बसले हा माझा दोष, पण आता बोलते तर कोणी ऐकेना.

कोणती खरी, ते मी आजही सांगू शकणार नाही. मला माहीत नाही, एवढं मात्र खात्रीने सांगेन. तू तिन्हींची मापं घे, आणि चिठ्ठी अंदाजाने लिहिली होती हे सोबत लिही. खाली मी सही करते.

काही पाठवायच्या आधी ये बाई. या रविवारीच ये. नाहूर स्टेशनला उतरलीस की एक फोन कर, मी खाली रिक्षापर्यंत येते.