माळा आमचा, घर तन्वीचं

मागच्या आठवड्यात आमच्या विक्रोळीच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. नवा भाडेकायदा येतोय... डिपॉझिट दोन महिन्यांपुरतंच घ्यायचं, आणि भाडेकरूच्या घरात जायचं असेल तर घरमालकाने चोवीस तास आधी कळवायचं.

ग्रुपवर एकदम गरमागरमी. 'आता आपल्याच घरात जायला अपॉइंटमेंट घ्या' असं एकाने लिहिलं, त्यावर धडाधड हसरे चेहरे पडले. एक माझाही होता.

मी मुलुंडला राहते. विक्रोळीची वन रूम किचन बाबांची, ते तिथल्याच एका कारखान्यात होते. ते गेल्यावर आई माझ्याकडे आली आणि जागा आम्ही भाड्याने दिली. सध्या तिथे तन्वी आणि तिचा नवरा राहतात... भाडं वेळेवर, कसली कटकट नाही.

फक्त पोटमाळा आम्ही आमच्याकडे ठेवलाय. आईची तांब्या-पितळेची भांडी, समई, गणपतीचा चौरंग असं सगळं त्यावर आहे. त्यासाठी घराची एक चावी आईच्या पर्समध्ये असते, आणि अधूनमधून ती सकाळी विक्रोळीला चक्कर मारते. भांडी पुसायला म्हणून... खरं तर घर बघायला.

कॉलेजातली एक मैत्रीण वकील आहे, तिला फोन केला. "अगं, तो केंद्राने राज्यांना दिलेला नमुना आहे. आपल्याकडे अजून तसा लागू नाही झालेला. फॉरवर्डवर काय जातेस तू!"

मला हायसं वाटलं. आणि थोड्या वेळाने त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. आधी एक मेसेज करायचा, एवढंच तर होतं... त्यातून सुटल्याचा आनंद कसला?

गणपती जवळ आलेत. दुसऱ्याच दिवशी आई चौरंग आणायला जाणार होती. म्हटलं, कायदा असो-नसो, या वेळी विचारून तर बघू. तन्वीला मेसेज टाकला, 'उद्या अकराला आई माळ्यावरचा चौरंग न्यायला येईल. चालेल का?'

आई शेजारीच होती. आई मालवणची, आणि चिडली की पूर्ण मालवणीत जाते. "चालात काय म्हणान इचारतस कित्या? येतंय म्हणान सांग!"

संध्याकाळी उत्तर आलं. 'सॉरी ताई, उद्या नको. परवा सहानंतर चालेल का?'

खरं सांगते, मला ते लागलं. विचारण्याचा मोठेपणा मी केला होता, पण उत्तर 'हो'च येणार असं धरून... आणि मनात हेही येऊन गेलं, की पुढच्या महिन्यात करार रिन्यू करायचाय, हे हिला माहीत नाही का?

मग लक्षात आलं, तिला ते माझ्याहून जास्त माहीत असणार. तरी तिने 'नको' लिहिलं होतं. मी 'ओके' एवढंच पाठवलं.

आईचा मात्र पारा चढला. "माझ्या घरात माका नको म्हणता? ऱ्हवांदे तो चौरंग. गणपती पाटार बसव यंदा." दोन दिवस तिचं तेच चाललं होतं. चौरंग बाबांनी स्वतः बनवून घेतलेला, त्यामुळे तिच्या तोंडून हे येणं साधं नव्हतं.

कसंबसं समजावून तिला ठरलेल्या संध्याकाळी घेऊन गेले. दारापाशी सवयीने तिचा हात पर्समध्ये गेला... मी बेल वाजवली.

तन्वीने दार उघडलं. स्टूल काढून ठेवलं होतं, पण माळ्याला हात लावला नव्हता. "तुमचं सामान आहे ना, म्हणून," म्हणाली.

आई टेकली आणि थेट विचारलं, "काल काय होता गो तुझ्याकडे?"

"काही नाही, आजी. झोप होती." मरोळच्या एका लॅबमध्ये तिची रात्रपाळी असते, सकाळी घरी येऊन झोपते.

"माका म्हायत नाय काय? तुझी झोप मोडा नये म्हणान तर मी बेल वाजवूक नाय कधी. चावी लावन गुपचूप येय."

तन्वी जरा घुटमळली. "तेच ना आजी... बेल परवडली. झोपेत दाराला चावी लागल्याचा आवाज आला की काळजात धस्स होतं. आतून कडी लावली तर तुम्हाला राग येईल, आणि तुम्ही कधी याल सांगता येत नाही, म्हणून मी सकाळी गाऊन घालून झोपतच नाही. ड्रेस घालून, ओढणी उशाशी घेऊन झोपते."

आईने एकदा तिच्या ओढणीकडे पाहिलं... मग मला म्हणाली, "चढ वर, चौरंग काढ."

चहा पिऊन निघालो. आम्ही जिन्यात असतानाच मागे आतून कडी लागली. आई थांबली, मागे बघितलं. "लावल्यान," एवढंच म्हणाली. रागाने नाही.

रिक्षात चौरंग तिने मांडीवर घेतला. मुलुंड आल्यावर म्हणाली, "गणपती गेले काय ह्यो परत माळ्यार ठेवचो लागतलो... तिका इचारून ठेव, कधी येव ता."

चावी अजून आईच्या पर्समध्येच आहे. ती मागायला माझी जीभ रेटली नाही, आणि बहुतेक आता गरजही नाही. कायदा यायचा तेव्हा येईल... करार पुढे असताना 'उद्या नको' लिहायला जे धाडस लागलं असेल, त्यासाठी तन्वीचे आभार मानायचे राहिलेत. करार रिन्यू करायला जाईन तेव्हा मानेन. आधी विचारून जाईन, अर्थात.