एकाच गंजातली डाळ

ताई जमिनीवरून उठताना आधी एक हात गुडघ्यावर टेकवायची, मग दुसरा, आणि स्वतःच्याच मांड्यांवरून हात चढवत कशीबशी उभी राहायची. जबलपूरहून हिवाळ्याच्या सुट्टीत मी तिच्या सासरी गेले तेव्हा हे पहिल्यांदा पाहिलं. ती तेवीस वर्षांची होती आणि तिची मुलगी नुकती रांगायला लागली होती. उभी राहिल्यावर ताई माझ्याकडे पाहून हसली आणि म्हणाली, म्हातारी झाली बघ तुझी ताई.

तिचं सासर राजेगावच्या अलीकडे, गोंदियाच्या रस्त्यावर. घरची धानाची शेती. आम्ही बालाघाटचे, बाबा कचेरीत, घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर हिंदी. ताईच्या सासरची माणसंही मराठीच, पण सुनेच्या बाबतीत रीत हिंदी मुलखाची. दिवसा सून पुढच्या अंगणात येणार नाही, आलीच तर पदर नाकापर्यंत. बाळंतपण माहेरी झालं तेव्हा आमच्या आईने तिला सव्वा महिना खिडकी बंद करून ठेवलं, आणि सासरी परतल्यावर मधल्या खोलीने तिला ठेवून घेतलं. त्या खोलीत भरदुपारी कंदील लागायचा.

तिला मोकळं आभाळ दिसे ते फक्त घरामागच्या खळ्यात. धान निघाल्यावर त्याच बांधीच्या, म्हणजे भातखाचराच्या, ओलीवर लाखोडी, लाखेची डाळ, पेरतात. हिवाळ्यात तिचा पाला खुडून वाळवायचा, पुढे शेंगा झोडपायच्या, दाणे निवडायचे, डाळ भरडायची. हे बायांचं काम. सकाळी गडीमाणसं बांधीवर गेली की ताई सासूबरोबर खळ्यात बसे, तिथे कोणी परकं येत नसल्यामुळे डोक्यावरचा पदर खाली. त्या दोन तासांत ती माझी जुनी ताई असायची. मला चिमटे काढायची, माझ्या कॉलेजच्या वेणीची नक्कल करायची.

तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि अर्ध्या हळकुंडाने पुरती पिवळी झालेली होते. आमच्या एका प्राध्यापकांनी त्याच महिन्यात वर्गात सांगितलं होतं की लाखोडीच्या डाळीत एक विष असतं, रोज पोटभर खाल्ली की पाय लुळे पडतात. ते मी वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं. ताईचं ते उठणं आणि बदकासारखं डुलत डुलत चालणं पाहिलं आणि माझं निदान झालंसुद्धा. मला आनंद झाला होता, हे आज कबूल करते. पुस्तकातला रोग मला माझ्या डोळ्यांनी सापडला होता.

ताई सांगत होती की पाय लुळे नाहीत, हाडं ठणकतात, नडगीवर नुसतं बोट दाबलं तरी जीव जातो. लाखोडीच्या रोग्याची हाडं दुखत नाहीत, तो पायात पाय अडकवत चवड्यांवर चालतो. तेही प्राध्यापकांनी सांगितलं होतं. ते मी अधोरेखित केलं नव्हतं.

मी भाऊजींना आणि तिच्या सासऱ्यांना ओसरीवर बसवून व्याख्यान दिलं. साऱ्यांनी ऐकून घेतलं. शहरात शिकणारी मुलगी, तीही सायन्सची! फक्त ताईची सासू दाराआडून ऐकत होती, ती पुढे आली. काळीसावळी, काटक बाई, वर्षभर बांधीत राबणारी. मी तिला मावशी म्हणायची. तिने मला एकच गोष्ट विचारली.

"घरात साऱ्याइनं एकाच गंजातली डाळ खाल्ली, बाई. मंग हिलेच काहून झालं?"

मी म्हणाले, पातेलं एक असलं तरी प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते. मला उत्तर येत नव्हतं, आणि उत्तर येत नाही असं म्हणायची मला सवय नव्हती. मावशीने मान हलवली. आपण अडाणी, असं तिच्या चेहऱ्यावर मी स्वतः वाचलं आणि समाधानाने परत आले.

त्या घराने माझा शब्द देवाच्या कौलासारखा पाळला. ताईच्या ताटातली डाळ बंद झाली, आणि तुरीची डाळ रोज परवडणारी नसल्यामुळे तिच्या वाट्याला भात आणि भाजीचा पातळ रस्सा उरला. पण त्यांनी आणखी एक केलं, जे मी सांगितलेलं नव्हतं. ज्या वस्तूच्या खाण्याने पाय जातात, तिची धूळ आणि भुसा तरी अंगाला कशाला लागू द्यायचा, असं त्यांनी ठरवलं. लाखोडीला तिने हात लावायचा नाही, खळ्यात यायचंच नाही. हे प्रेमाने केलं हो. मावशी तिच्या वाटचं काम स्वतः करू लागली आणि म्हणे, तू आत पडून राह्य, मी हाव नं.

ताई आत पडून राहिली. पुढचा हिवाळा, त्याच्या पुढचा हिवाळा. तिचं एक पत्र आलं होतं. लिहिलं होतं, सारे फार जपतात, खळ्यात मात्र जाऊ देत नाहीत, तू एकदा सांगून बघ ना, तुझं ऐकतील. परीक्षा जवळ होती. मी उलट टपाली लिहिलं की ते करतात ते योग्यच आहे.

दुसऱ्या खेपेला तिला बैलगाडीतून, मग बसमधून बालाघाटच्या दवाखान्यात आणलं तेव्हा दीड दिवस कळा देऊन झाल्या होत्या. मी तिथे होते. डॉक्टरांनी हात धुतले आणि बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की हाडं मऊ होऊन कमरेचा सांगाडा आत दबला आहे, मुलाला वाट नाही. मला म्हणाले, ही बाई उन्हात कधी येत नव्हती का?  मूल आधी गेलं, ताई दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. तिचा हात माझ्या हातात होता.

पुढे मी ड जीवनसत्त्वावर काम करायला लागले. लोकांना वाटतं, बहिणीसाठी. मी स्वतःलाही तसंच सांगायची. खरं म्हणजे मला पळायचं होतं, आणि पळण्यासाठी पेशीइतकी दूरची जागा नाही. आतड्याच्या पेशीत एक प्रथिन असतं, ते अन्नातला चुना, म्हणजे कॅल्शियम, धरून शरीरात घेतं. ड जीवनसत्त्व मिळालं तर पेशी ते तयार करते, नाही मिळालं तर नाही, आणि मग हाडांना चुना पुरत नाही. ते जीवनसत्त्व उन्हात आपल्याच कातडीत तयार होतं. हे मी कोंबडीच्या पिलांवर पाहत असे. एकाच पोत्यातला दाणा, दोन पिंजरे, एक उन्हात आणि एक अंधाऱ्या खोलीत. तीन-चार आठवड्यांत अंधारातली पिलं डुलत डुलत चालायला लागत.

एका सकाळी दाणा घालताना माझा हात थांबला. साऱ्यांनी एकाच गंजातलं खाल्लं, मग हिलाच काहून? हा अख्खा प्रयोग त्या बाईने ओसरीवर उभं राहून मला दिला होता. मी तिला प्रकृतीवर धडा शिकवला होता.

त्याच हिवाळ्यात मी गेले. जबलपूरहून छोट्या रेल्वेगाडीने बालाघाट, तिथून गोंदियाची बस. मावशी खळ्यात एकटीच लाखोडीचा पाला पसरत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. तिच्या शेजारीच सूप पडलं होतं, त्याकडे बघत बोलले. डाळीचा दोष नव्हता, मावशी. ऊन कमी पडलं, आणि होतं तेवढं माझ्या बोलण्याने गेलं.

तिने हातातला पाला खाली ठेवला.

"म्हंजे इथं बसू देल्ली असती तं?"

"हौ, मावशी."

"एवढंच?"

मी मान हलवली. मग मी ताईच्या मुलीची चौकशी केली. ती दहा वर्षांची झाली होती. आत आहे, मावशी म्हणाली, तिला या पाल्याला हातही लावू देत नाही, आईसारखे पाय जाऊ नयेत म्हणून घराबाहेरच सोडत नाही, तूच तर सांगितलं होतं.

मी तिला बाहेर आणायला सांगितलं. मावशी उठली, आत गेली, आणि मुलीला दंडाला धरून घेऊन आली. उन्हाने तिचे डोळे मिटत होते. मी तिचा चेहरा पाहिलाच नाही, मी तिचे पाय पाहत होते. झगा गुडघ्यापर्यंत होता. नडग्या बाहेरच्या बाजूला वाकायला लागल्या होत्या, थोड्याच, माझ्यासारखीलाच कळतील इतक्या. मावशी माझ्या तोंडाकडे पाहत होती. तिला कळलं.

तिने मुलीला उन्हात बसवलं आणि सूप तिच्या मांडीवर ठेवलं. मग माझ्याकडे न बघता, राग नाही, रडणं नाही, अशा आवाजात म्हणाली,

"म्या तुले विचारलं होतं, बाई."